गाडी माझी, कोड कोणाचा?

गाडीची किंमत आपण मोजायची. रोड टॅक्स आपण भरायचा, विमा आपण काढायचा, पेट्रोल महागलं की शिव्याही आपणच घालायच्या. पण त्याच गाडीच्या सस्पेन्शनवर लक्ष ठेवणाऱ्या डब्याने "मला इथे खुपतंय" अशी जी नोंद मेमरीत करून ठेवलेली असते, ती बघायला मागितली की काउंटरवरचा टायवाला मुलगा म्हणतो, "सर, ते कस्टमरला नाही दाखवता येत." का नाही दाखवता येत? गाडी कोणाच्या नावावर आहे?

मंडळी, या विकांताला या एकाच मुद्द्यावर भांडायचं आहे. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी लगेच पळू नये. विषय गाडीचा कमी आणि लॉग फाइलचा जास्त आहे, आणि लॉग फाइल म्हणजे आपलं रोजचं मीठभाकर.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बिघाडाचा कोड वाचायचा हक्क गाडीच्या मालकाचा आहे, आणि तो पूर्ण मोकळा असला पाहिजे. आणि आज तो कुलपात आहे म्हणूनच त्याला नसती देववाणीची प्रतिष्ठा मिळाली आहे. कोड ही साक्ष असते, निकाल नव्हे. पण साक्षीदाराला कोंडून ठेवलं आणि त्याच्या वतीने फक्त वकील बोलायला लागला की साक्षीचा निकाल व्हायला वेळ लागत नाही. आणि वकिलाचीच स्पेअर पार्टची दुकान असेल तर विचारायलाच नको.

आधी कोड म्हणजे काय ते बघू. आपल्या भाषेत सांगायचं तर जेमतेम दोन बाइट. पहिल्या दोन बिटांवरून अक्षर ठरतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी (सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग), बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे नेटवर्क. पुढचा आकडा शून्य असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांसाठी सारखा आणि एक असेल तर अर्थ ज्याच्या त्याच्या मर्जीचा. नव्या गाड्यांत तिसरा बाइट येतो, तो बिघाडाचा प्रकार सांगतो: वायर अर्थला चिकटली, की बॅटरीच्या बाजूला चिकटली, की तुटली. सोबत स्टेटसचा एक बाइट असतो. त्यावरून कळतं की बिघाड आत्ता आहे, की मागे कधीतरी होऊन गेला. म्हणजे एका छोट्या रेकॉर्डमध्ये बरीच माहिती असते. आपल्याकडे असा लॉग मिळाला तर आपण प्रोग्रॅमरला चहा पाजू.

आता गंमत बघा. यातला पी-वर्ग मोकळा आहे. हजार-दीड हजाराचं ब्लूटूथ डोंगल आणा, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसा, मोबाइलवर कोड हजर. ही काही कंपन्यांची दानत नव्हे. कॅलिफोर्नियातल्या धुराने लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, तिथल्या सरकारने कंपन्यांच्या मानेवर पाय दिला, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ पासून लागू झालं. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या काळात, २०१३ पासून, ओबीडी-२ आलं. कायदा प्रदूषणाचा, म्हणून मोकळीक प्रदूषणापुरती. सस्पेन्शन काही धूर सोडत नाही. मग ते राहिलं कुलपात.

त्यामुळे होतं काय, की डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा ढळढळीत पेटलेला असतो आणि डोंगल म्हणतं, "कोड नाहीत." डोंगल खोटं बोलत नाही. त्याने प्रश्नच असा विचारलेला असतो की, "प्रदूषणाशी संबंधित कोणाला काही सांगायचंय का?" सस्पेन्शनचं युनिट बिचारं गप्प बसतं. त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं! त्याचा पत्ता वेगळा, प्रश्न वेगळा, आणि उत्तराचा शब्दकोश कंपनीच्या तिजोरीत. काही ब्रँडच्या वेड्या चाहत्यांनी रात्री जागून हे शब्दकोश उलगडले आहेत, त्यांना माझा दंडवत. पण आपल्याच गाडीची भाषा शिकण्यासाठी कोणाला तरी घरफोडीसारखे उद्योग करावे लागतात, यातच सगळं आलं.

"अहो, तंत्रज्ञानच इतकं गुंतागुंतीचं झालंय, इलाज नाही," असं कोणी म्हणालं तर त्याला जुन्या टोयोटा दाखवा. नव्वदीच्या दशकातल्या अनेक टोयोटा आणि लेक्सस गाड्यांत कोड वाचायला कॉम्प्युटर लागायचाच नाही. डायग्नोसिसच्या सॉकेटमधल्या टीसी आणि ई१ या दोन टोकांना वायरचा एक तुकडा जोडायचा, किल्ली फिरवायची आणि दिवा बघत बसायचं. एकसारखा भराभर लुकलुकला तर सब ठीक. नाहीतर आधी दशकाचे लुकलुकणे, मग थोडं थांबून एककाचे. एक, थांब, तीन: म्हणजे कोड तेरा. त्याचा अर्थ रिपेअर मॅन्युअलमध्ये छापलेला असायचा. मिस्तरी दहावी नापास असला तरी त्याला वीसपर्यंत मोजता यायचं. वायरच्या तुकड्यावरून आपण लाखो रुपयांच्या स्कॅनरवर आणि वर्षाच्या सबस्क्रिप्शनवर आलो, याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. कोड वाचला म्हणजे बिघाड कळला का? मुळीच नाही.

एअर सस्पेन्शनचं उदाहरण घेऊ. स्प्रिंगच्या जागी चार रबरी फुगे. त्यांना हवा पुरवायला एक कॉम्प्रेसर, कुठल्या फुग्यात हवा सोडायची ते ठरवायला एक व्हॉल्व्ह ब्लॉक, आणि गाडी जमिनीपासून किती उंच आहे ते सांगायला प्रत्येक कोपऱ्यात (काही गाड्यांत तीनच ठिकाणी) एक हाइट सेन्सर. सेन्सर म्हणजे काय, तर सस्पेन्शनच्या आर्मला बारीक दांडीने बांधलेली एक तरफ. तरफ फिरली की व्होल्टेज बदलतं. कंट्रोल युनिटला बाहेरच्या जगातलं दिसतं ते एवढंच: काही व्होल्टेज, थोडं तापमान, कुठेकुठे हवेचा दाब आणि स्वतःचं घड्याळ.

आता समजा पुढच्या डाव्या फुग्याला बारीक चीर गेली. रात्रीतून हवा गेली, गाडी एका बाजूला झुकली. सकाळी युनिट बघतं: डावी बाजू खाली आहे. ते कॉम्प्रेसर चालू करतं, व्हॉल्व्ह उघडतं आणि वाट बघतं. उंची ठरलेल्या वेळात आली नाही, किंवा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालून तापला, की ते हात टेकतं आणि कोड लिहितं: उंची गाठता आली नाही, कॉम्प्रेसर मर्यादेपेक्षा जास्त चालला. बघा बरं, यात "चीर" हा शब्द कुठे आहे का? असणारच नाही. चीर बघणारा सेन्सर गाडीत नाही. ज्याला आपण टाइमआउट म्हणतो, तेच हे. डेटाबेस टाइमआउट आला म्हणून कोणी डेटाबेसचा सर्व्हर भंगारात काढून नवा विकत घेतो का? पण इथे अगदी तेच होतं. कोडमध्ये "कॉम्प्रेसर" हा शब्द दिसला ना? बदला कॉम्प्रेसर.

माझ्या मावसभावाच्या बाबतीत पुण्यात शब्दशः हेच झालं. सात वर्षं जुनी परदेशी एसयूव्ही त्याने सेकंडहँड घेतली. (सेकंडहँड आलिशान गाडी म्हणजे हत्ती फुकट आणि चारा विकत, पण ते असो.) पावसाळ्यात पुढची डावी बाजू बसायला लागली. अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि तीन लाखांच्या वर एस्टिमेट दिलं. कॉम्प्रेसर. "कोडच तसा आलाय सर." कोड कुठला? सांगत नाहीत. प्रिंट द्या. पॉलिसी नाही. पैसे भरले, नवा कॉम्प्रेसर बसला, दोन महिन्यांत गाडी पुन्हा डावीकडे झुकली. आता? पुन्हा स्कॅनर, पुन्हा तोच शब्द, आणि वर "वॉटर एंट्री आहे, वॉरंटीत बसणार नाही."

शेवटी भोसरीकडच्या एका मिस्तरीकडे गाडी नेली. त्याच्याकडे कंपनीचा स्कॅनर नव्हता. तो म्हणाला, "दादा, ह्याच्यात हवाच भरलीय ना? मग हवा कुठून जाते ते आधी बघू." बाटलीत साबणाचं पाणी केलं आणि पुढच्या फुग्याच्या घडीवर, नळीच्या जोडावर, व्हॉल्व्ह ब्लॉकवर फवारलं. पाच मिनिटांत फुग्याच्या घडीतून बुडबुडे यायला लागले. पहिला कॉम्प्रेसर ही चीर भरून काढता काढता दमला होता. दुसराही त्याच वाटेवर होता.

इथे कोणी म्हणेल, बघा, मिस्तरीला कोड लागलाच नाही. मग कोडसाठी एवढा आटापिटा कशाला? लागतो, म्हणूनच. कागदावर "पुढची डावी उंची ठरलेल्या वेळात आली नाही" एवढं एक वाक्य जरी मावसभावाच्या हातात पहिल्या दिवशी असतं, तरी पुढचा प्रश्न कोणीही विचारला असता: एकच बाजू का? कॉम्प्रेसर तर चारही चाकांना एकच आहे! तो मेला असता तर चारही कोपरे रडले असते. हा तर्क करायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. पण तर्क करायला वाक्य समोर लागतं. ते वाक्यच दडवून ठेवलं आणि त्याच्या जागी तीन लाखांचा आकडा ठेवला. आकड्याशी तर्क कसा करणार?

कोडच्या मर्यादांची अशी उदाहरणं पोत्याने देता येतील. हाइट सेन्सरची दांडी गंजून निखळली, तर सेन्सर विजेच्या दृष्टीने ठणठणीत असतो. व्होल्टेज मर्यादेत असतं, फक्त चुकीचं असतं. मग कोड येईल तो भलताच किंवा येणारही नाही. इलेक्ट्रॉनिक शॉकअपमध्ये युनिट फक्त आतल्या कॉइलचा करंट तपासतं, त्यामुळे शॉकअपमधलं सगळं तेल गळून गेलं तरी तक्रार शून्य. उलट बॅटरी मरायला टेकली असेल तर एकदम दहा-बारा कोड येतात आणि सस्पेन्शनपासून स्टिअरिंगपर्यंत सगळे बोंब मारतात. तिथे बॅटरी आणि अर्थची वायर बघायची, बारा पार्ट नव्हे. आपल्या पावसाचं तर वेगळंच. कॉम्प्रेसरसोबत ओलावा शोषणारा ड्रायर असतो. तो भरून गेला की पाणी आत व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जातं. ड्रायर भरल्याचा कोड मी तरी आजवर बघितलेला नाही.

आणि आता जरा आपल्या बाजूच्या लोकांचीही हजेरी घेतो. बाहेरच्या गॅरेजवाल्यांनी कुठूनतरी क्लोन स्कॅनर पैदा केला की त्यांचं पहिलं काम काय? "कोड उडवून बघू." अरे, उडवून काय बघू? गुन्ह्याच्या जागी पोहोचल्यावर पोलिसाने आधी फरशी पुसून घेतल्यासारखं आहे हे! कोड पुसला की त्याच्यासोबत साठवलेली परिस्थितीही जाते: वेग किती होता, व्होल्टेज किती होतं, बिघाड कितव्यांदा आला. गिऱ्हाईक खूश, कारण दिवा गेला. दोन दिवसांनी दिवा परत येतो, तोपर्यंत पैसे दिलेले असतात. आधी वाचा, लिहून घ्या, फोटो काढा आणि मगच पुसा. प्रॉडक्शन सर्व्हर अडकला म्हणून लॉग डिलीट करणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता कंपन्यांच्या वकिलीकडे वळू. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे सुरक्षा. "कोणी हॅक केलं म्हणजे? ब्रेक आणि सस्पेन्शनशी खेळलं म्हणजे?" हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी धावती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि अमेरिकेत १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, हे खरंच आहे. पण ते दोघं शिरले कुठून? स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधून नव्हे; कंपनीनेच गाडीत बसवलेल्या मोबाइल कनेक्शनमधून. दार कंपनीने उघडं टाकलं आणि कुलूप लागलं मालकाच्या खिडकीला. नंतर त्या समूहाच्या गाड्यांत सिक्युरिटी गेटवे आला आणि स्वतंत्र गॅरेजवाल्याला लॉगिन मागायला लागला.

बरं, वाचणं आणि लिहिणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यासारख्यांना समजावून सांगायची गरज नसावी. आजच्या गाड्या ज्या यूडीएस प्रोटोकॉलने बोलतात, त्यात हा फरक मुळातच आहे. कोड वाचण्याची सेवा वेगळी, पुसण्याची वेगळी, मूल्य लिहिण्याची वेगळी, सॉफ्टवेअर चढवण्याची वेगळी आणि कुलूप उघडण्याचीही वेगळी. वाचण्याची सेवा मोकळी ठेवून बाकीच्यांना खुशाल कुलूप लावा. ज्याने पहिल्या वर्षाला युनिक्स शिकलंय त्याला रीड परमिशन आणि राइट परमिशन कळते. कंपन्यांच्या इंजिनिअरांनाही कळते. कळत नसल्याचं सोंग मार्केटिंग खातं आणतं.

दुसरा युक्तिवाद: "सामान्य माणसाला अर्थ कळणार नाही, तो स्वतःच पाना घेऊन गाडीखाली शिरेल." गाडीखाली शिरण्याची भीती खरी आहे. नुसत्या फुग्यांच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. हवा गेली तर गाडी अंगावर बसेल. पण त्यावर उपाय म्हणजे माहिती देणं, की लपवणं? रक्ताचा रिपोर्ट आपल्याला समजत नाही म्हणून लॅब तो डॉक्टरच्या ड्रॉवरमध्ये ठेवते का? रिपोर्ट आपल्या हातात देते. मग आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो. मला हवं आहे ते एवढंच: दुसरं मत घेण्याची सोय.

आणि हे काही माझं एकट्याचं विकांती खूळ नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्येच गाडीदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२३ ला, याच सिक्युरिटी गेटवेच्या खटल्यात, स्पष्ट निकाल दिला की कायद्यात नसलेल्या लॉगिन-नोंदणीच्या अटी घालून कंपनीला स्वतंत्र गॅरेजांची ओबीडी डेटाची वाट अडवता येणार नाही. आणि आपण मागे आहोत असं समजू नका. आपल्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर स्पेअर पार्ट आणि डायग्नोस्टिक साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. पण पोर्टलवर कस्टमर केअरचा नंबर मिळणं आणि सी-वर्गाचा कोड मिळणं यात पुणे ते पॅरिस एवढं अंतर आहे.

तर मागणी काय? तीनच गोष्टी. एक, पी-कोडसारखेच सी, बी आणि यू कोड कुठल्याही साध्या स्कॅनरला वाचता आले पाहिजेत, स्टेटस आणि बिघाडाच्या प्रकारासह. दोन, प्रत्येक कोडचा अर्थ आणि तो कुठल्या परिस्थितीत लिहिला जातो, हे कंपनीने उघड छापावं. "कॉम्प्रेसर फॉल्ट" एवढं पुरे नाही. "इतके सेकंद थांबूनही उंची आली नाही" असं हवं. तीन, हाइट सेन्सर बदलल्यावर लागणाऱ्या कॅलिब्रेशनसारखी कामं वाजवी पैशांत बाहेरच्या प्रशिक्षित गॅरेजलाही करता आली पाहिजेत. कारण हजारांत मिळणारा सेन्सर लावून गाडी पुन्हा फक्त "शिकवण्यासाठी" कंपनीच्या दारात न्यावी लागत असेल, तर ती दुरुस्ती नव्हे, खंडणी आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपण एक करू शकतो. एस्टिमेटवर सही करण्याआधी शांतपणे म्हणायचं: कोड पूर्ण लिहून द्या, तो आत्ताचा आहे की जुना ते लिहा, आणि हाच पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं ते एका ओळीत लिहा. ते म्हणतील पॉलिसी नाही. म्हणायचं, मग माझीही सही करायची पॉलिसी नाही. बहुतेक वेळा मॅनेजर बाहेर येतो, चहा मागवतो आणि कोड कागदावर उतरतो. आणि एअर सस्पेन्शनवाल्यांनी त्याआधी घरीच एक टेप घ्यावी. रात्री आणि सकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची उंची मोजून लिहून ठेवावी. एकच बाजू खाली आली तर त्या बाजूचा फुगा, नळी किंवा जोड आधी तपासायला सांगावा. टेपला अजून कोणी पासवर्ड लावलेला नाही.